नांदेडला, दात दाखवायला

डॉक्टरने जिभेवर ताबा ठेवावा हे योग्यच. पण कानांवर कसा ठेवणार? त्यामुळे किस्से साठतात! नावे बदलली आहेत, बोलणे बदललेले नाही.

किशोरवयीन मुलींच्या संप्रेरकांच्या तक्रारी मी नांदेडला पाहते. हनुवटीवर केस, मुरमे, अनियमित पाळी. निम्म्या मुली लातूरकडच्या. लातुरात असे डॉक्टर नाहीत, असे मुळीच नाही. पण तिथे ओळखीचे लोक आहेत! याच न्यायाने नांदेडच्या मुली लातूरला जातात. घरून निघताना शेजाऱ्यांना सांगायचे कारण दोन्हीकडे एकच: "दात दाखवायला." हे खरे मानले, तर मराठवाड्यात एकही दात धड उरलेला नसावा.

*

चाकूरची प्रणिता सतरा वर्षांची. लातूरच्या वसतिगृहात राहून मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेचा क्लास करत होती. हनुवटी लपवण्यासाठी तिने आधी मास्क लावला, मग क्लासच सोडून ती घरी परतली.

"काय होतंय तुला?" मी तिला विचारले.

"काई न्हाई हो मॅडम, पाळी जरा मागंपुढं," आई म्हणाली.

"कधीपासून, प्रणिता?"

"लई दिवस झाले," सोबतची आत्या म्हणाली.

अखेर दोघींना मी चहाला बाहेर धाडले. तेव्हा मुलगी बोलली.

"मला क्लासला जायचंय. मास्क न लावता."

*

तपासणीत 'पुरुषी' संप्रेरके वाढलेली निघाली. हे विशेषण मला कधीच रुचले नाही. पण रूढ तेच. ते ऐकताच आत्याने कपाळाला हात लावला.

"मग पोरीत आता पुरुष आला म्हना की!"

"मुळीच नाही. ही संप्रेरके प्रत्येक बाईच्या अंगात असतातच. हिच्यात थोडी अधिक आहेत, इतकेच."

"परत्येक बाईच्या?" आईने नणंदेकडे नीट निरखून पाहिले. "आक्का, तुमचं बी तपासून घ्या!"

*

मी गोळ्या लिहून दिल्या. त्याच गोळ्या पाळणा लांबवण्यासाठीही देतात, हेही समजावले. चाकुरात घेतल्या तर बोभाटा होईल, म्हणून आईने अहमदपूर गाठले आणि "माझ्यासाठीच" असे सांगितले. दुकानदार नेमका जावेच्या माहेरचा! आई घरी पोचण्याआधी बातमी पोचली होती.

पुढच्या खेपेस वडील आले.

"लोकं माझ्याकडं बघून हसून राहिले, मॅडम. 'या वयात?' म्हणून इचारतेत."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"पोरीचं नाव कसं घेऊ? हाव म्हणलं!"

*

काही महिन्यांनी प्रणिता एकटीच आली. हनुवटीवरचे केस विरळ झाले होते, गेले नव्हते. तरी ती क्लासला परतली होती. मास्क न लावता.

"गोळी चुकत नाही ना?"

"न्हाई. आधी बाथरूममध्ये जाऊन घेत होते. मग कटाळा आला. एक दिवस जेवण झाल्यावर हॉस्टेलच्या खोलीत सगळ्यांसमोरच पाकीट काढलं."

"मग?"

"शेजारच्या कॉटवरची माझ्याकडं बघतच राहिली. मग तिनं गादीखालून तसलंच पाकीट काढलं. तिसरीनं उशीच्या खोळीतून."

मी लिहिता लिहिता थांबले. "काय म्हणाल्या त्या?"

"पाण्याची बाटली एकच होती. ती फिरवली."