ओपलला दिलेला शब्द

नोरीन मृतांना शेवटच्या दर्शनासाठी तयार करायची. कॅन्ससमध्ये तिच्याकडे त्याचा परवाना होता, तिच्या कामाचं नाव होतं. अपघातात गेलेल्यांचे चेहरेसुद्धा ती असे करायची, की आया शवपेटीवर वाकून गालांवरून हात फिरवायच्या.

मग सैन्याने तिच्या नवऱ्याची, सार्जंट ड्वेनची, बदली जॉर्जियात केली. कॅन्ससचा परवाना तिथे चालेना. नव्या राज्याच्या परवाना मंडळाला तिने कुणाच्या हाताखाली उमेदवारी करून काम शिकल्याचा दाखला हवा होता आणि तो देणारा जुना मालक केव्हाच वारला होता. अर्ज रखडला. तोवर ती म्हाताऱ्या हॉलिसच्या फ्युनरल होममध्ये, अंत्यविधीची व्यवस्था करणाऱ्या त्याच्या दुकानात, नुसते फोन घ्यायची, आलेली फुलं मांडायची. मृतांना तयार करायच्या आतल्या खोलीत तिला मज्जाव होता.

शेजारची ओपल, तीही सार्जंटचीच बायको, कर्करोगाने झिजत चालली होती. नोरीन संध्याकाळी तिच्यासाठी सूप घेऊन जायची.

“नोरे, मला तूच तयार करायचंस हं,” ओपल एकदा म्हणाली. “हॉलिसच्या हातात देऊ नकोस. मेला लग्नाच्या केकसारखी रंगवेल मला!”

“आधी हे गिळ, बाई. मरायची एवढी घाई कसली?”

“थट्टा नाही करत. शब्द दे.”

नोरीनने दिला. तोवर परवाना येईल, असं तिला मनापासून वाटत होतं.

ओपल मार्चमध्ये गेली.

“मिस्टर हॉलिस, फक्त चेहरा करू द्या,” नोरीनने विनवलं. “तुम्ही शेजारी उभे राहा हवं तर.”

“पोरी, मला का कळत नाही? पण कुणी तक्रार केली तर माझं दुकान बंद होईल आणि तुला इथे जन्मात परवाना मिळायचा नाही.”

तो आत गेला. नोरीन बाहेर फोनपाशी बसून राहिली.

दर्शनाच्या दिवशी ओपलचे गाल गुलाबी होते आणि ओठ घट्ट मिटलेले. हसऱ्या, बडबड्या ओपलचे ओठ जिवंतपणी असे कधी मिटलेच नव्हते. तिचा नवरा बराच वेळ बघत राहिला, मग नोरीनकडे वळला.

“तूच केलंस ना हे? तिची तेवढी एकच इच्छा होती.”



“हो,” नोरीन म्हणाली. “मीच केलं.”

त्याने तिचा हात हातात घेऊन आभार मानले. ते तिला सोसवेना.

परवाना आला तो ऑगस्टमध्ये. पाठोपाठ ड्वेनच्या बदलीचा हुकूमही आला, थेट वॉशिंग्टन राज्यात.

“तिथे लगेच अर्ज टाक,” ड्वेन म्हणाला. “या खेपेला लवकर होईल बघ.”

“नको.”

“अगं, इतक्या वर्षांचं तुझं काम...”

“ड्वेन, ती भांडी कागदात गुंडाळ. फुटतील.”

आता ती तिथल्या छावणीच्या दुकानात गल्ल्यावर बसते. शेजारच्या गल्ल्यावरच्या पोरीने परवा सहज विचारलं, याआधी काय करायचात?

“काही नाही गं,” नोरीन म्हणाली. “घरीच असायचे.”