दीडशे मीटरची आजी

नॉर्वेत डोंगरावर तंबू ठोकायला परवानगी लागत नाही. फक्त राहत्या घरापासून दीडशे मीटर लांब राहायचं. एकट्या गुन्वोरआजीला हा नियम जाचायचा, कारण माणसं तो पाळायची. अनोळखी माणसाशी विनाकारण बोलणं तिथे असभ्य; तक्रारीला मात्र हरकत नसते. म्हणून कितीही लांब तंबू दिसला, तरी ती जाऊन खडसावायची, "फार जवळ आलात!" माणसं हुज्जत घालत आणि मग तिच्याकडे कॉफी पीत.

यंदाच्या जोडप्याने मात्र निमूट खुंट्या उपटल्या. "चुकलं, आजी. तळ्यापलीकडे जातो."

आजी गडबडली. "अहो, इतकं काय लगेच ऐकायचं? थोडं भांडा तरी! कॉफी करून ठेवलीय."

तरुण चाचरला. "तसं... आम्ही दोनशे मीटर मोजलेत."

"खोटं!" आजी खुलली. "चला, घरी बसून बोलू."