मिस्टर अहो

पाच आठवडे झाले. वॉर्डातल्या नर्सचा फोन आला तेव्हा मी शालनच्या गाउनला बटण लावत होतो, दुपारी घेऊन जायचा होता. नर्स म्हणाली, "आय ॲम सो सॉरी." मी बटण पुरतं लावलं, दोरा तोडला, मग टॅक्सी बोलावली. चौथी शिकलेला माणूस मी. बायकोची थोरवी सांगणं मला जमायचं नाही, आणि त्यासाठी बसलोही नाही. माझी एक लबाडी सांगायचीय...

आम्ही दोघं इकडे इंग्लंडात, कॉव्हेंट्रीतल्या एका कॉलेजात कामाला होतो. ती किचनमध्ये, मी मैदानावर. गवत कापायचं, पांढऱ्या रेघा मारायच्या. इराकची लढाई चालू होती त्या सीझनला आमची फुटबॉलची टीम एकही मॅच जिंकली नाही. दोन चांगली पोरं मध्येच फौजेत भरती झाली, त्यात गोलकीपरही गेला. कधी सात गोल खायचे, कधी नऊ. शालनला ऑफसाइड कशाशी खातात ते ठाऊक नव्हतं, पण दर बुधवारी मॅचच्या आधी वाटीत दही-साखर घेऊन ती मैदानाच्या कडेला यायची आणि एकेकाच्या तळहातावर चमचाभर ठेवायची. आपल्याकडे परीक्षेला निघालेल्या पोराला देतात, तसं. पोरं चाटायची, हरायची, पुढच्या बुधवारी पुन्हा हात पुढे करायची.

मी म्हणायचो, "अगं, दह्यानं गोल होतात होय?"

"गोलासाठी कोण देतंय? यातला कोण उद्या लढाईवर जाईल, काय सांगावं... तोंड गोड करून जाऊ देत."

मला ती हाक मारायची "अहो!" म्हणून. नवऱ्याचं नाव कसं घेणार? पोरांना वाटलं, हेच माझं नाव. डॅरेन म्हणून कॅप्टन होता, त्यानं 'मिस्टर अहो' सुरू केलं आणि सगळ्या कॉलेजानं उचललं. शालन पदराआड हसायची. मीही कुणाला खरं सांगितलं नाही. खरं सांगायचं तर, बरंच वाटायचं. कामावर नवरा-बायको म्हणून मिरवायला मला लाज वाटायची. तिची साडी, त्यावर किचनचा कोट, ते दही...

एका बुधवारी पाहुण्या टीमचा कोच ते दही बघून मोठ्यानं म्हणाला, "हा काय जादूटोणा? म्हणूनच हरता वाटतं!" आमची पोरं हसली नाहीत. मी हसलो. मग त्यानं मला विचारलं, "ही बाई कोण?"

"जस्ट द किचन लेडी," मी म्हणालो.

डॅरेन शेजारीच बुटाची नाडी बांधत होता. शालन दोन हातांच्या अंतरावर उभी, चमचा तसाच धरून. तिला इंग्रजी येत नाही असं मी धरून चाललो होतो.

घरी जाताना बसमध्ये ती म्हणाली, "खोटं काय बोललात? किचनमध्येच तर असते मी."

"अगं, चेष्टेत गेलं तोंडातून..."

"मग हसायला मलाही सांगायचं होतं."

पुढच्या बुधवारपासून दही बंद झालं. उरलेल्या तिन्ही मॅच पोरं हरलीच. मला दोन वेळचा चहा मिळत राहिला, घरात हाकही तीच राहिली, म्हणून मी समजलो की ती विसरली. माफी मागायची राहून गेली असं नाही, मी मागितलीच नाही.

क्रिमेटोरियममध्ये सगळं उरकल्यावर मी जरा बाहेर येऊन उभा होतो. उशिरा पोचलेला एक जण काठी टेकत आला. डॅरेन. पुढे तोही फौजेत गेला होता, परतला तो एक पाय अधू होऊन. कुणीतरी सांगितलं म्हणून लांबून आला होता. माझा हात हातात घेऊन म्हणाला, "गुड ऑफ यू टू कम, मिस्टर अहो. कामावरचं दुसरं कुणीच दिसत नाही."

त्याचं काय चुकलं? मीच सांगितलं होतं त्याला ती कोण ते.

"शी वॉज माय वाइफ," मी म्हणालो.

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग त्यानं मान खाली घातली. खरं तर ती मी घालायला हवी होती. चार शब्द. मैदानावरही तेवढं इंग्रजी मला येत होतं, आणि तेव्हा 'इज' म्हणता आलं असतं.