कुणाला न दाखवायचं पान

आप्पांना ‘यशस्वीरीत्या’ या शब्दाचा मनापासून राग होता. ते शिरूरच्या आमच्या सार्वजनिक वाचनालयाचे ग्रंथपाल. दर मे महिन्यात, भर दुपारी वाचनालय बंद असायचं तेव्हा, ते आम्हा शिक्षकांना आणि आसपासच्या शाळांतल्या ग्रंथपालांना वाचनकक्षात बसवायचे आणि सरलेल्या वर्षाबद्दल लिहायला लावायचे. कुणी लिहिलं, ‘उपक्रम यशस्वीरीत्या पार पडला’, की आप्पा कागद परत सरकवायचे. “ह्ये सायबाला द्या. हितं काय झालं त्ये लिवा.”

आणि नेमकं तेच आम्हाला जमायचं नाही. अहवाल लिहून लिहून हात असा बसलेला, की निमोण्याच्या एका गुरुजींनी स्वतःच्या निवृत्तीबद्दल लिहिलं तेही ‘सदर शिक्षकाने समाधानकारक सेवा बजावली’ असं. आम्ही पोट धरून हसलो. आप्पा हसले नाहीत. उद्यापासून सकाळी उठून करणार काय, एवढंच त्यांनी विचारलं. गुरुजींनी नवा कागद मागितला.

नियम एकच होता. वाटलं तर बैठकीत वाचायचं, पण बाहेर कुणाला दाखवायचं नाही. साहेबांना नाही, संचालकांना नाही, घरच्यांनाही नाही. आप्पा सगळे कागद ज्याच्या त्याच्या पाकिटात घालून कपाटात ठेवायचे. पुढल्या मे महिन्यात आपलं जुनं पान आधी वाचायचं आणि मगच नवं लिहायचं, ही त्यांची पद्धत.

मी तेव्हा कारेगावला शिकवत होते. कंपन्या आल्या, भाड्याच्या खोल्या वाढल्या आणि वर्गात मुलं मावेनात. कुणी घरी हिंदी बोलणारं, कुणी आणखी काही. मध्येच गावाकडं गेलेलं पोर परत येईलच याचा भरवसा नाही. त्यात जनगणना, मतदारयाद्या, पोलिओचे डोस, सगळं आमच्याच बोकांडी. जीव अगदी मेटाकुटीला आला होता. त्या वर्षी मी लिहिलं, ‘मला आता मुलांचा आवाज नकोसा होतो. शाळेत जाऊच नये असं रोज वाटतं.’ वाचता वाचता रडू कोसळलं. आप्पांनी माठातलं पाणी आणून दिलं. त्यांनी उपदेश केला असता तर मी उठून गेले असते. ते म्हणाले, “दमलाय बाई तुम्ही. दमल्यालं मानूस वाईट नसतंय.” जूनमध्ये मी शाळेत गेले ती या बोलण्याच्या बळावर.

मग वाचनालयाचा सरकारी दर्जा वाढवून घ्यायचं घाटू लागलं. तपासणीला साहेब येणार म्हणून अध्यक्षांना आमची बैठक आठवली. शिक्षकांचं उन्हाळी लेखन म्हणून ते कागद टेबलावर मांडायचे, निवडक फळ्यावर लावायचे, असं त्यांनी ठरवलं. माणूस वाईट नव्हता. वाचनालय मोठं व्हावं, एवढंच त्यांना वाटत होतं. पण त्या कागदांत कुणी आपल्या मुख्याध्यापकांबद्दल लिहिलेलं, कुणी घरातल्या मारहाणीबद्दल. माझं पान आमच्या शिक्षण खात्यातल्या साहेबांपर्यंत गेलं असतं तर माझी काही धडगत नव्हती.

आप्पांनी वाद घातला नाही. कपाट उघडलं, पिशव्या भरल्या आणि एसटीनं गावोगाव फिरून ज्याचं पाकीट त्याच्या हातात दिलं. माझ्या दारात आले तेव्हा सदरा घामानं अंगाला चिकटला होता. पाणीसुद्धा उभ्यानंच प्याले. मी विचारलं, आप्पा, अध्यक्ष काय म्हणतील?

“म्हंतील, किल्ली ठेवा आन् जावा. पर मी शबूद दिलाय न्हवं तुमाला?”

अध्यक्ष तेच म्हणाले. आप्पांनी किल्ली ठेवली आणि ते दौंडला लेकीकडं राहायला गेले. बैठक बंद पडली. ती पुन्हा सुरू करायचं बळ आमच्यापैकी कुणाच्याच अंगात उरलं नव्हतं.

पुढं काही वर्षांनी मी त्यांना भेटायला दौंडला गेले, तेव्हा त्यांनी खाट धरली होती. हातात पेन धरवत नव्हतं. मे महिनाच होता. यंदा काय लिहिलं, म्हणून त्यांनी विचारलं. मी खरं ते सांगितलं, काही नाही आप्पा, शाळेतून आल्यावर पेन धरायचाही वैताग येतो. त्यावर त्यांनी लेकीला बाहेर पाठवलं आणि मला कागद घ्यायला लावला.

“औंदा माजं लिवा. दुसऱ्यांला लिवाया बसवन्यात माजं लिवायचं कवा झालंच न्हाई.”

ते सांगत गेले, मी लिहीत गेले. मध्येच त्यांना धाप लागायची, मग मीही थांबायचे. लिहून झाल्यावर कागद त्यांनी चाचपला आणि उशीखाली सरकवला.

त्याच पावसाळ्यात आप्पा गेले. वाचनालयात शोकसभा झाली. अध्यक्ष खरोखर हळहळत होते. भाषणाला उभं राहण्याआधी त्यांनी मला बाजूला घेतलं. तुम्ही शेवटी भेटला होतात ना बाई, काय म्हणाले आप्पा? आमच्याबद्दल काही बोलले?

मी म्हटलं, “दौंडला उकाडा फार आहे म्हणाले.”