समुद्राची रंगीत तालीम

"भाऊजी, जरा लंगडत चाला ना." वहिनींनी हे तिसऱ्यांदा सांगितलं, आणि मी भर रविवारी वार्नेम्युंडेच्या बंदरावर डावा पाय ओढत चालायला लागलो. आठवड्यातला झोपेचा तेवढाच एक दिवस. तोही गेला.

या वहिनी म्हणजे इथे जर्मनीत, रोस्टॉकच्या प्रयोगशाळेतल्या माझ्या सिनियरची बायको. पहाटे हॉटेलातल्या खोल्या आवरायच्या, दुपारी जर्मनच्या वर्गाला बसायच्या. त्यांचे सासरे, आप्पा, लातूरहून महिनाभर येणार होते. त्यांनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता. पण गुडघे गेलेले, त्यामुळे नेलं तर एकदाच. "दुखलं तरी ते सांगायचे नाहीत हो," वहिनी म्हणायच्या. म्हणून त्यांना कुठलं गाव झेपेल ते आधी बघून ठेवायचं, आणि आप्पांचं काम मी करायचं. सिनियरसाहेबांचा प्रयोग चालू होता. त्यांचं बरं असतं.

वार्नेम्युंडे गर्दीमुळे नापास. हायलिगेनडामच्या पांढऱ्याशुभ्र इमारती मला आवडल्या, पण "टेकायला काही नाही." नापास. समुद्राकडे बाईंनी ढुंकूनही पाहिलं नाही. क्युलुंग्सबोर्नला सपाट रस्ता, जागोजागी बाकं. तिथे एका जर्मन आजीनं दंडाला धरून मला बसवलंच. वहिनी खूश. अशी माणसं तुमच्याही ओळखीची असतील. दुसऱ्याची सोय लागली की यांचा शीण जातो म्हणे.

जात नाही. ऑगस्टात आप्पांना घेऊन तिथे गेलो, तेव्हा वहिनी थेट कामावरून आल्या होत्या. वाळूत इकडे श्ट्रांडकोर्ब असतात, वेताच्या टपाच्या खुर्च्या. त्यात आप्पांना बसवायला गेल्या, तर ते म्हणाले, "तू बस आधी. मऊ हाय का बघ."

वहिनी बसल्या आणि बसल्या बसल्या झोपल्या.

उन्हं कलली, तोंडावर आली. आप्पा छत्री उघडून त्यांच्यासमोर उभे राहिले, समुद्राकडे पाठ करून. मी म्हटलं, "आप्पा, द्या, मी धरतो. तुम्ही समुद्र बघा."

"हळू बोला. पोरगी दमलीया."

गाडीची वेळ होईपर्यंत ते तसेच उभे होते. वहिनी दचकून जाग्या झाल्या, केस सावरत म्हणाल्या, "आप्पा, बघितला ना समुद्र? नीट?"

"बघितला की," आप्पा छत्री मिटत म्हणाले. "लई मोठा हाय."