शेवटची पोळी कुत्र्याची

लकडगंजच्या आमच्या घरात शेवटची पोळी कुत्र्याची असायची. आई ती तूप लावून स्वतःच्या हाताने त्याला भरवायची. जंताची गोळी द्यायची वेळ आली, तेव्हा तिने ती त्याच पोळीत दडवली. संध्याकाळी तो ओकला, हगवणही लागली. ओकारीत जंत वळवळत होते. डॉक्टर फोनवर म्हणाले, या गोळीने असं होतं कधी कधी, उद्यापर्यंत बरा होईल. झालाही. आई मात्र रडत होती, "मीच विष चारलं वं त्याले."

त्यानंतर त्याने आईच्या हातची पोळी कधी खाल्ली नाही. हुंगायचा आणि तोंड फिरवायचा. माझ्या हातून मात्र मुकाट खायचा. मला त्या मेल्याचा संताप यायचा. आई पोळीला तूप लावून माझ्याकडे द्यायची. "तूच दे वं. माह्या हातचं तो खात नाही." मग दाराआड उभी राहून बघायची.

आता कुत्रा नाही. आई अंथरुणावर आहे, तिला काहीच आठवत नाही. तिची गोळी मी शिऱ्यात कुस्करून देते. काल चमचा पुढे केला, तर तिने तो हुंगला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.