आमच्या मापाच्या जर्स्या

मी सहा फूट अर्धा इंच उंच आहे. मुलुंडला आमच्या चाळीत हा अर्धा इंच सगळ्यांना पाठ होता. बास्केटबॉल खेळायला लागेपर्यंत मी पाठीत वाकून चालायचे. शेजारच्या काकू आईला विचारायच्या, "हिला नवरा कुठून आणणार गं?" आई ब्लाउज शिवता शिवता म्हणायची, "आधी हिच्या मापाची सलवार आणून दाखव, मग नवऱ्याचं बघू."

पुढे ह्याच उंचीनं मला नोकरी मिळवून दिली. क्रीडा कोट्यातून एका सरकारी कचेरीत लागले. सकाळी टेबल, दुपारनंतर मैदान. बाबांना केवढा आनंद झाला होता! त्यांची गिरणी बंद पडली होती आणि नंतरची सगळी वर्षं त्यांनी एका कुरिअरच्या ऑफिसात पाकिटं लावण्यात काढली होती. मुलीला पर्मनंट नोकरी, तीही खेळून! त्यांनी अख्ख्या मजल्यावर पेढे वाटले.

सव्विसाव्या वर्षी मी आमच्या कचेरीच्या महिला संघाची कॅप्टन झाले. त्याच वर्षी अंधेरीला एक मोठी स्पर्धा होती. आम्ही सेमीफायनलला पोचलो आणि सामन्याच्या आदल्या सकाळी मीटिंगमध्ये पंचांनी जाहीर केलं, "उद्यापासून नियमाप्रमाणे खेळायचं. जर्सीच्या आत टी-शर्ट चालणार नाही."

आमच्या मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. आम्हाला मिळायच्या त्या जर्स्या पुरुषांच्या मापानं कापलेल्या. गळा खोल आणि हाताचा मुंढा एवढा मोठा, की हात वर केला की अर्धी छाती बाहेर. म्हणून वर्षानुवर्षं सगळ्या जणी उकाड्यात आत टी-शर्ट घालून खेळायच्या. तक्रार कोणीच केली नव्हती. मीही नाही. मिळतंय ते घालायचं, असंच आम्ही धरून चाललो होतो.

मी मॅनेजर सरांकडे गेले आणि जर्स्यांची बॅग मागितली. "घरी नेते, मुंढे लहान करून आणते."

ते म्हणाले, "खेळायला आलीस की फॅशन करायला? मुलं नाही का ह्याच कटमध्ये खेळत?"

एरवी मी गप्प बसले असते. सरांपुढे बोलायची सवयच नव्हती. पण त्या दिवशी तोंडातून निघून गेलं, "सर, मुलांना चालतं. आमच्या पॉइंट गार्डला विचारा ना. ती उद्या दोन्ही हात वर करून डिफेन्स करणार नाही. एक हात छातीशी धरून खेळेल. मग हरलो की आम्हालाच बोलाल."

सरांनी बॅग पुढे सरकवली. "उद्या चारला कोर्टवर पाहिजेत. सगळ्या एकसारख्या दिसल्या पाहिजेत."

मी आईला फोन केला. म्हटलं, बारा जर्स्या घेऊन येतेय. ती तिच्या मालवणीत म्हणाली, "जर्स्ये आणून काय करू? पोरींका घेवन ये. माप कोण देतला?"

त्यामुळे त्या दुपारी आमच्या एका खोलीत बारा उंच मुली उभ्या. पंख्याला हात लागेल म्हणून पंखा बंद केलेला. अर्ध्या जणी गॅलरीत. शेजारच्या काकू कोकम सरबत घेऊन आल्या आणि मान वर करून सगळ्यांकडे बघत राहिल्या. आईनं पहिली जर्सी उलटी केली, शिवण बघितली आणि म्हणाली, "ह्या कोणी शिवल्यान गो?" पहिलीच शिलाई मारली तर मशीन टाके सोडायला लागलं. कापड ताणणारं होतं, तिची नेहमीची सुई चालेना. मी खाली धावत जाऊन दुकानातून वेगळी सुई आणली.

तोवर बाबांनी एक जर्सी हातात घेतली होती. गिरणीत ते मागावर होते. कापड बोटांमध्ये धरून त्यांनी आडवं ओढलं, उभं ओढलं. "हे एकाच बाजूनं ताणतं," ते आईला म्हणाले. "मुंढा कापताना ती बाजू सांभाळ, नाहीतर दोन धुण्यांत लोंबेल." गिरणी बंद पडल्यापासून त्यांना कापडाबद्दल बोलताना मी ऐकलं नव्हतं. मग ते ब्लेड घेऊन शिवणी उसवायला बसले, ते संध्याकाळपर्यंत.

दुसऱ्या दिवशी खेळ सुरू झाला. पहिला चेंडू रिंगवरून उडाला, मी दोन्ही हात पूर्ण वर केले, उडी मारली आणि रिबाउंड घेतला. एवढंच. पण खाली येताना मला जाणवलं की मी कपड्याचा विचारच केला नाही. इतकी वर्षं प्रत्येक उडीत डोक्याचा एक कोपरा कपड्यात अडकलेला असायचा, हे तोवर कळलंच नव्हतं. आमची पॉइंट गार्ड तर त्या दिवशी वारं प्यायल्यासारखी पळत होती. आम्ही सेमीफायनल जिंकलो आणि फायनलही. कप घेऊन फोटो काढत होतो तेव्हा हरलेल्या संघाची कॅप्टन माझ्याजवळ आली, माझ्या मुंढ्याला हात लावून बघितला आणि म्हणाली, "झकास आहे गं. कुठून घेतलीस?"

"आईनं केली."

"मग आमच्या पण करेल का?"

तसं सुरू झालं. आधी त्यांचा संघ, मग दोन कॉलेजं, मग घाटकोपरच्या एका क्लबच्या लहान मुली. आई कापायची, बाबा कापड निवडायचे. जर्सी घालून खेळून बघायचं काम माझं. प्रत्येक नव्या कटची पहिली जर्सी मी आधी स्वतः घालून तासभर सराव करायचे. कुठे काचतं, कुठे सरकतं, कुठे घाम धरून ठेवतं, हे मी सांगायचे.

एकतिसाव्या वर्षी एका व्यावसायिक लीगच्या संघानं मला करार देऊ केला. पूर्णवेळ खेळायचं होतं. कचेरीतून परवानगी मिळेना, आणि नोकरीत राहून धंदाही करता येत नव्हता. मी राजीनामा लिहिला. आई दोन दिवस नुसती मशीन चालवत राहिली. तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता म्हणाली, "गुडघो गेलो तर काय करतलंस?"

"गुडघा जाणारच आहे, आई," मी म्हटलं. "म्हणून तर आता खेळायचंय. आणि तो गेल्यावर फाइलमागे बसायचं नाहीये. मला जे करता येतं, सुचतं, ते करायचंय."

हे बोलताना मला वाटत होतं तितकी मी धीट नव्हते. पण खेळानं एक शिकवलं होतं. शॉट घ्यायचा की नाही हे ठरवायला फार वेळ मिळत नाही, आणि न घेतलेल्या शॉटचा हिशोब कुठल्याच स्कोअरशीटवर नसतो. लोक म्हणायचे, खेळाडूनं खेळावं, बाकी कशाला हवं? मला ते कधी पटलं नाही. कोर्टवर मी जशी आहे तशी दिसावं, माझी उंची, माझे खांदे, माझी चाल, हाही माझ्या खेळाचाच भाग आहे.

घाटकोपरला आम्ही एक गाळा घेतला. सहा बायका कामाला लागल्या, त्यातल्या दोघी आमच्याच चाळीतल्या. पहिल्या कापडवाल्यानं सांगितलं, "मॅडम, सरांना घेऊन या, बोलून घेऊ." मी बाबांना घेऊन गेले. बाबांनी त्याचं कापड आडवं-उभं ओढलं, खाली ठेवलं आणि म्हणाले, "मॅडम घेणार नाहीत." दुसऱ्यानं मुलींसाठी म्हणून नुसते गुलाबी रंग दाखवले. आमची पहिली मोठी ऑर्डर गेली ती गडद हिरव्या रंगात. मुलींनीच निवडला होता.

गेल्या वर्षी अंधेरीच्या त्याच कोर्टवर लीगची फायनल होती. मी पस्तिशीची, गुडघ्याला पट्टा, आता बदली खेळाडू म्हणून बेंचवरून उतरते. समोरच्या संघाची सेंटर माझ्यापेक्षा तेरा वर्षांनी लहान. मैदानावर आल्यावर पहिल्यांदाच डोळ्यांत भरलं, दोन्ही संघांच्या अंगावर आमच्याच जर्स्या आहेत. आई स्टँडमध्ये होती. नंतर कळलं, ती शेजारच्या माणसाला सांगत होती, "कोणीय जिंकलो तरी आमचोच."

शेवटचे काही सेकंद राहिले होते आणि आम्ही एका पॉइंटनं मागे. मी रिंगखाली चेंडू घेतला, वळले आणि त्या सेंटरनं माझी जर्सी मागून घट्ट धरली. शिट्टी वाजली. दोन फ्री थ्रो. पहिला सरळ आत गेला. दुसरा रिंगवर एकदा उडाला आणि आत पडला. त्यानंतरचा त्यांचा शेवटचा शॉट मी अडवला, दोन्ही हात वर करून, आणि आम्ही एका पॉइंटनं जिंकलो.

हात मिळवताना ती सेंटर मला म्हणाली, "ताई, भारी खेळलात. पण एक सांगू? मानेमागचं ते लेबल खूप टोचतं यार."

मी तिथेच माझ्या जर्सीत मानेमागे हात घालून बघितलं. खरंच टोचत होतं. पुढच्या लॉटपासून ते लेबल काढून टाकलं आणि त्या जागी नुसती छपाई केली.